मराठी सहीचं बचत खातं

मुलीच्या कॉलेजची तयारी मी मे महिन्यातच सुरू केली होती आणि जूनच्या अखेरीस माझ्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या ओळींवर काट मारून झाली होती. हैदराबादच्या बेगम बाजारातून बादली, प्लास्टिकचा मग, पत्र्याची पेटी आणि कपडे वाळत घालायची दोरी आली होती. इंटरचा मेमो, म्हणजे आमच्या इथली बारावीची गुणपत्रिका, तिच्या प्रती काढून झाल्या होत्या. दाखले, फोटो, रक्तगटाचा कागद, हॉस्टेलचा अर्ज, सगळं वेगवेगळ्या पाकिटांत होतं आणि प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं होतं. एकच ओळ उरली होती. बँक खातं.

ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती सगळ्यात सोपी वाटत होती. मी एका रुग्णालयात बिलिंगच्या विभागात काम करते. बँका, चेक, परत आलेले चेक, चुकीच्या खात्यात गेलेले पैसे, हा माझा रोजचा व्यवहार आहे. बचत खातं उघडायला मला काय अवघड जाणार होतं?

कॉलेज शहराच्या बाहेर होतं. मुलीला संख्याशास्त्र शिकायचं होतं आणि तो विषय तिला हवा तसा तिथेच होता. प्रवेश मिळाला, वर गुणवत्तेवर शिष्यवृत्तीही मिळाली, म्हणून तर ते कॉलेज आम्हाला झेपणार होतं. शिष्यवृत्तीची अट सरळ होती. विद्यार्थ्याचं एकट्याच्या नावाचं बचत खातं हवं, आईवडिलांबरोबर जोडलेलं चालणार नाही, आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जुलैच्या पहिल्या शनिवारपर्यंत कार्यालयात पोचली पाहिजे. नाही पोचली तर शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या मुलाला. मग आमची मुलगी घराजवळच्या कॉलेजात जाणार आणि तिथे जो विषय शिल्लक असेल तो घेणार. घरात हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

खातं निवडण्यासाठी मी एक तक्ता केला. कमीत कमी शिल्लक किती ठेवावी लागते, कार्डाचे वर्षाला किती कापतात, मेसेजचे पैसे लागतात का, कॉलेजजवळ एटीएम आहे का, असे रकाने. शेवटचा रकाना माझा स्वतःचा होता. प्रत्येक शाखेत जाऊन मी एकच प्रश्न विचारायची, खातं बंद करायचं असेल तर काय लागतं? या प्रश्नाचं उत्तर जो माणूस सरळ देतो, त्याच्या बँकेत खातं उघडायला हरकत नसते. बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस हसायचा आणि म्हणायचा, मॅडम, अजून उघडलंही नाही. त्या बँका मी तिथेच बाद केल्या. कॉलेजच्या आवारात टेबल मांडून बसलेली एक बँक खात्याबरोबर पाठीवरची पिशवी फुकट देत होती. तिलाही बाद केलं, कारण पहिल्या वर्षानंतर शिल्लक ठेवायची अट बदलते हे त्यांनी पिशवीइतक्या मोठ्या अक्षरात कुठे लिहिलं नव्हतं.

शेवटी दोन उरल्या. एक मोबाइलवर उघडायचं खातं, मुलीच्या पसंतीचं. दुसरी हिमायतनगरमधली जुनी सरकारी बँक, जिथे माझ्या सासऱ्यांची पेन्शन जमा होते. मुलगी म्हणाली, "मम्मी, मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. कायकू उगाच रांगेत उभं राहायचं?" तिचे वडील त्या आठवड्यात कामासाठी वरंगलला होते. त्यांनी फोनवर मत दिलं की खातं जिचं तिला ठरवू दे. मला ते पटलं. पहिली संधी मोबाइलला.

सोमवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन पेल्याला टेकवून उभा केला. या खात्यासाठी बँकेतलं कोणीतरी व्हिडिओवर येतं, चेहरा बघतं, कागद बघतं आणि मग खातं सुरू होतं. पलीकडे कानाला हेडफोन लावलेली एक तरुण मुलगी आली. तिने आधार पाहिलं, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं, मग कोऱ्या कागदावर सही करून दाखवायला सांगितलं. माझ्या मुलीने सही केली आणि कागद वर धरला. पलीकडची मुलगी थांबली. तिने हिंदीत विचारलं, ही कुठली भाषा? मग म्हणाली, इंग्रजीत करा. मुलीने पॅन कार्डावरची सही दाखवली, तीही तशीच होती. पलीकडच्या मुलीने पडद्यावर काहीतरी शोधलं. मग तिने पाठ केलेल्या आवाजात सांगितलं की प्रादेशिक भाषेतल्या सहीची सोय व्हिडिओवर नाही, आपण शाखेला भेट द्यावी, आपला दिवस चांगला जावो. फोन बंद झाला.

मुलीची सही मराठीत होती. ही गोष्ट मला माहीत होती, पण ती कधी आडवी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. हिवाळ्यात तिला अठरा पूर्ण झाली तेव्हा मी पॅन कार्डाचा अर्ज भरून, फोटो चिकटवून तिच्यासमोर ठेवला आणि सही कर म्हणाले. तिने आधी एका चिठोऱ्यावर करून बघितली. गोल गोल इंग्रजी अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं. माझे सासरे शेजारी बसून चहा पीत होते. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ही काय सही आहे का? हे तर वहीवरचं नाव झालं."

सासऱ्यांना आम्ही घरात बाबा म्हणतो. मराठवाड्यातून ते तरुणपणी इथे आले आणि एका सरकारी गोदामात कारकून म्हणून निवृत्त झाले. तिथे त्यांनी इतरांच्या नावाने केलेल्या सह्या इतक्या पाहिल्या की सही म्हणजे कुलूप, असं त्यांचं मत झालं आहे. त्यांची स्वतःची सही पहिल्यापासून मराठीत. त्याचं कारण विचारलं तर कोणी मोठं काही सांगेल, पण बाबांचं कारण फार साधं आहे. हैदराबादेत इंग्रजी सही कोणीही काढतं, उर्दू आणि तेलुगु काढणारेही गल्लोगल्ली आहेत. मराठी सही काढायला इथे कोणाचा हात वळणार नाही. नातीला त्यांनी हेच सांगितलं आणि जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून तिच्याकडून सराव करून घेतला. अक्षरं एकमेकांत अडकवायची, आडनाव चढतं लिहायचं, शेवटी हात न उचलता खाली रेघ ओढायची. मुलीला ते इतकं आवडलं की पान संपलं तरी ती थांबेना. मी स्वयंपाकघरातून एकदाच ओरडले की अर्ज उद्या गेला पाहिजे. अर्ज वेळेत गेला आणि माझ्या दृष्टीने विषय संपला. माझी स्वतःची सही इंग्रजीत आहे, नवऱ्याचीही. नोकरीत लागताना समोरच्याने जिथे बोट ठेवलं तिथे केली, त्यावर दोघांपैकी कोणी कधी विचार केला नाही.

त्या सोमवारी व्हिडिओ बंद झाल्यावर मी म्हणाले की हिमायतनगरच्या शाखेत जाऊ आणि इंग्रजीत सही करून मोकळ्या होऊ. बाबाही म्हणाले, "कर म्हणतो मी. काम होऊ दे."

मुलगी त्यांच्यावर उखडली. "आजोबा, तुम्हीच शिकवली ना?"

"मोबाइलमधल्या बाईला दाखवायची आहे हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?"

"म्हणजे कुलूप लावायचं आणि चोर आला की उघडून द्यायचं."

बाबा मिशीतल्या मिशीत हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले की ही माझ्यावर नाही, तुझ्यावर गेली आहे. मी भांडी उचलली. पॅन कार्डावर एक सही आणि बँकेत दुसरी हे पुढे दहा ठिकाणी अडतं, एवढं मलाही कळत होतं, आणि पॅन बदलून यायला आठवडे लागतात. हातात फक्त तो आठवडा होता.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघी हिमायतनगरला गेलो. तक्त्यातल्या शेवटच्या प्रश्नाला याच शाखेने सरळ उत्तर दिलं होतं, त्यामुळे माझं मन तसं हलकं होतं. खातं उघडण्याच्या टेबलावर पन्नाशीचे एक तेलुगु साहेब होते. सभ्य माणूस. मुलीला "अम्मा" म्हणून हाक मारून त्यांनी खुर्ची पुढे केली, कुठलं कॉलेज, कुठला विषय, विचारलं. संख्याशास्त्र म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावून मान हलवली. मुलीने अख्खा अर्ज तिथेच बसून भरला. बारीक अक्षरातल्या अटी मी सहसा कोणाला वाचताना बघत नाही, तिने त्याही वाचल्या आणि एका अटीबद्दल साहेबांना विचारलं. ते खूश झाले. मग तिने सही केली.

साहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "ये मराठी है?"

"हौ," मुलगी म्हणाली.

त्यांनी संगणकावर बरीच बटणं दाबली. मग आमच्याकडे पडदा वळवून फार समजुतीने सांगितलं की इथे दोनच रस्ते दिसतात. एक, सही इंग्रजीत. दुसरा, ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यासाठीचं खातं. त्यात चेकबुक नाही, कार्ड नाही, पैसे काढायचे तर पासबुक घेऊन स्वतः शाखेत यायचं. कॉलेज शहराबाहेर, त्यामुळे हे गैरसोयीचं होईल, हेही त्यांनीच सांगितलं. संख्याशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीला अंगठेबहाद्दरांच्या रांगेत बसवताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं. म्हणून त्यांनी तिसरा रस्ता काढला. समोरच नोटरी बसतो. दोन्ही सह्या माझ्याच आहेत असा कागद करून आणायचा, बँकेत इंग्रजी सही द्यायची. अर्ध्या तासात काम, उद्या पासबुक.

मला तो रस्ता एकदम पसंत पडला. मी पर्समधून पेन काढलंसुद्धा. मुलगी म्हणाली, "नको."

मागे लोक टोकन घेऊन बसले होते. एका गृहस्थांनी घसा खाकरला. मी आवाज खाली आणून तिला सांगितलं की शनिवारनंतर हवा तेवढा विचार कर, आत्ता काम उरक. सही काय, पुढे बदलता येते. ती माझ्याकडे न बघता अर्जावरच्या सहीकडे बघत होती.

"मम्मी, ही एकच गोष्ट मला मराठीत न अडखळता लिहिता येते," ती म्हणाली. "तीपण काढून नको ना घेऊ."

तिने हे भांडून म्हटलं नाही. हिशेब सांगावा तसं म्हटलं, आणि हिशेब बरोबर होता. ती आमच्याशी मराठी बोलते, त्यात निम्मी दख्खनी आणि उरलेल्यात निम्मी इंग्रजी. विहारात रविवारची वंदना तिला तोंडपाठ आहे, पण पुस्तक हातात दिलं की ओळ हरवते. लग्नपत्रिका आली की ती इंग्रजी बाजू वाचते. आम्ही तिला मराठी शाळेत घातलं नाही, इथे घालायला तशी शाळा जवळ नव्हती, आणि असती तरी घातलं असतं की नाही कोण जाणे. तिच्या हातात मराठी म्हणून जे होतं ते त्या एका ओळीत होतं, शेवटच्या रेघेसकट.

मी पेन परत पर्समध्ये ठेवलं. तोवर माझ्या डोक्यात काम एकच होतं, शनिवारपर्यंत खातं. आता काम झालं, शनिवारपर्यंत याच सहीचं खातं. अवघड झालं होतं, पण स्पष्टही झालं होतं. काम स्पष्ट झालं की मला बळ येतं.

रुग्णालयात मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसते, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. तोंडी नाही म्हणणं सोपं असतं, लेखी नाही म्हणायला कोणी धजत नाही, कारण लिहायचं म्हटलं की नियम शोधावा लागतो. मी साहेबांना नम्रपणे म्हणाले की मराठीत सही करणाऱ्याला चेकबुक आणि कार्ड मिळणार नाही, एवढं मला लिहून द्या, मी कॉलेजला दाखवते. ते म्हणाले, मॅडम, लिहायचं कशाला, मी तर तुमच्या सोयीचंच सांगतोय. मी म्हणाले, सोयीबद्दल आभारी आहे, पण लिहून द्या. मग तिथेच एका कागदावर मी इंग्रजीत अर्ज लिहिला. अर्जदार शिकलेली आहे, फॉर्म तिने स्वतः भरला आहे, सही पॅन कार्डाशी जुळते, तरीही सर्वसाधारण खातं नाकारायचं असेल तर नियम कळवावा. दोन प्रती केल्या आणि एकीवर पोच मागितली. मुलगी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा धाकाने बघत होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला, उसासा टाकला आणि उठून आत मॅनेजरकडे गेले.

मॅनेजर माझ्याहून लहान वयाच्या बाई होत्या. त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि वेळ न घालवता मुद्द्याला हात घातला. चेक आला तर माझ्या माणसांनी ही सही पडताळायची कशी? इथे एकालाही मराठी वाचता येत नाही.

मी हिंदीत म्हणाले, "मॅडम, सही वाचत नाहीत, जुळवतात. इंग्रजी सह्या तरी कुठे वाचता येतात?"

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण त्यांनी मला अडवलंही नाही. मग मी सांगितलं की याच शाखेत माझ्या सासऱ्यांची पेन्शन जमा होते, त्यांची सही मराठीत आहे आणि त्यांच्याकडे चेकबुक आहे, कित्येक वर्षांपासून. खातं क्रमांक माझ्या फोनमध्ये होता, असणारच. बाईंनी साहेबांना तो शोधायला सांगितला. पडद्यावर बाबांची सही उमटली, जुन्या शाईतली, कडा जरा विरलेली. बाईंनी मुलीचं पॅन कार्ड पडद्याशेजारी धरलं. आडनाव तसंच चढत गेलेलं, रेघही तशीच.

साहेबांना हसू आलं. "ये तो एकीच घर का माल है."

"आजोबांनी शिकवली," मुलगी म्हणाली.

बाईंनी मात्र जास्त बारकाईने पाहिलं. आडनाव सारखं असलं तरी पुढची नावं वेगळी आहेत ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या की यांचं खातं ज्या रस्त्याने झालं तो रस्ता अजून असलाच पाहिजे. त्यांनी एक फोन लावला, दुसरा लावला, बराच वेळ तेलुगुत बोलल्या. रस्ता होता. खात्याचा प्रकार तोच, चेकबुक, कार्ड सगळं मिळणार, फक्त वेगळं घोषणापत्र जोडायचं. सही ज्या भाषेत, त्या भाषेत, अर्जातला मजकूर मला समजला आहे असं लिहून द्यायचं. आमच्या टेबलावरच्या साहेबांनी तो कागद कधी वापरलाच नव्हता, इतकंच. महाराष्ट्रातल्या शाखांसाठीचा मराठी नमुना बँकेच्या संगणकावर सापडला आणि प्रिंटरमधून एक पान बाहेर आलं.

मुलीने ते हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "पण अर्ज तर मी इंग्रजीत वाचला. मला इंग्रजी समजतं."

बाई म्हणाल्या, "सही मराठी में है, तो समझना भी मराठी में पडेगा. पढो."

नियम असा होता की अधिकाऱ्यासमोर अर्जदाराने ते वाचायचं, आणि मी मध्ये बोलायचं नाही. मराठी कळणारं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरीही बाई फॉर्मवर हाताची घडी ठेवून ऐकायला बसल्या आणि साहेब तोंडी परीक्षेच्या परीक्षकासारखे हनुवटीला हात लावून उभे राहिले.

मुलीने ओळीखाली बोट धरलं. ती एकेक शब्द जोडत गेली, जोडाक्षराशी आली की थांबत होती. "मी, खाली... सही करणार" इथपर्यंत बरं गेलं. पुढे "उपरोक्त" आलं. तिने ते तीन तुकड्यांत म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर नजर लावली. मला तो शब्द तिला सांगावासा इतका वाटत होता की मी पर्सचा बंद हातात गच्च धरून ठेवला. ती पुन्हा मागे गेली, अख्खं वाक्य पहिल्यापासून वाचलं आणि स्वतःशीच पुटपुटली, वर लिहिलेलं. मग पुढे गेली. कागद अर्ध्या पानाचा होता आणि तो संपायला फार वेळ लागला. बाहेर टोकनचे आकडे पुकारले जात होते, कोणी दार ढकलून आत डोकावलं तर साहेब त्याला हाताने थोपवत होते. शेवटच्या ओळीनंतर मुलीने श्वास सोडला आणि विचारलं, "अब साइन करूँ?"

बाई म्हणाल्या, करा. तिने ठरलेल्या चौकोनांत सह्या केल्या. एकाही ठिकाणी हात अडला नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं की इंग्रजीत केली ना. मी म्हणाले, नाही. त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "मग एवढा वेळ काय केलं?" मुलीने सगळं सांगितलं, वाचनाचं सोडून. ते मीही सांगितलं नाही.

गुरुवारी पासबुक मिळालं नाही. घोषणापत्र वरच्या कार्यालयात मंजुरीला गेलं होतं. मी सकाळी फोन केला, दुपारी केला, संध्याकाळी साहेबांनी माझा आवाज ओळखून मी काही विचारायच्या आतच नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री जेवताना मुलगी म्हणाली की मिळालं नाही तर मी जवळच्या कॉलेजात जाईन, तुम्ही मला बोलू नका. मी तिला बोलले नाही. पण शुक्रवारी शाखा उघडली तेव्हा मी दारात उभी होते. मंजुरी आली नसती तर नोटरीचा रस्ता घ्यायचा की नाही, याचं उत्तर मी ठरवून गेले नव्हते. ठरवल्याशिवाय घराबाहेर पडायची मला सवय नाही. त्या दिवशी पडले.

मंजुरी दुपारी आली. साहेबांनी पासबुक यंत्रात घातलं, ते करकरत बाहेर आलं, पहिल्या पानावर तिचं एकटीचं नाव. त्यांनी ते माझ्याकडे न देता फोन करून मुलीलाच बोलवायला लावलं, कारण खातं तिचं. चिक्कडपल्लीच्या आमच्या घरून ती रिक्षाने आली, पासबुक घेतलं आणि रजिस्टरमध्ये सही केली. शनिवारी आम्ही कॉलेजच्या कार्यालयात प्रत दिली. तिथल्या कारकुनाने ती न बघताच टाचणी लावून फायलीत सरकवली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

सप्टेंबरात ती पहिल्यांदा सुट्टीला घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बँकेतून फोन आला. तिचा पहिला चेक वटायला आला होता, हॉस्टेलच्या मेसचा, आणि चेकच्या टेबलावरच्या नव्या मुलाने तो अडवून ठेवला होता, भाषा कळत नाही म्हणून. बोलत होते ते जुने साहेबच. आवाज मोठा होता, मला टेबलापलीकडून ऐकू येत होतं. ते म्हणत होते, अम्मा, सही तुझीच आहे हे मला दिसतंय, पण या मुलासमोर एकदा येऊन करून दाखव. नाहीतर इंग्रजी सहीचा फॉर्म माझ्याकडे आहे, दोन मिनिटांत बदलून टाकू, पुन्हा पुन्हा त्रास नको.

"नक्को सर," ती म्हणाली. "मैं आती."

मग तिने विचारलं की असं अजून किती वेळा यावं लागेल. ते म्हणाले, सगळ्यांच्या नजरेला सवय होईपर्यंत, दोनतीनदा तरी. मी उठले आणि माझी पर्स शोधू लागले. ती म्हणाली, मम्मी, तू बस, खातं माझं एकटीचं आहे. फोनवर ती साहेबांना म्हणत होती की दोनतीनदा ना, येईन की, पण या महिन्यात फक्त आजच जमेल, पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा आहे. बोलता बोलताच तिने दाराशी चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.